साडेचार हजार गाई आणि एक खिडकी

वासुदेवराव नाखले आणि माऊस यांची पहिली भेट झाली त्या दिवशी धाम नदीचं पाणी घटकाभर वाहायचं थांबलं, पवनारच्या पुलावर वर्ध्याची बस आपणहून उभी राहिली आणि गावातल्या झाडून साऱ्या मांजरी गोपालक संघाच्या ऑफिसकडे तोंड करून रांगेत बसल्या, असं अण्णाजी कुबडे शपथेवर सांगतात. अण्णाजी सकाळचं दूध घालताना एक शपथ घेतात आणि संध्याकाळचं घालताना दुसरी, त्यामुळे नदीचं, बसचं आणि मांजरींचं सोडून देऊ. पण त्या दिवशी वासुदेवराव खुर्चीवर चढून उभे होते, एवढं मात्र खरं.

झालं असं, की शिकवायला आलेली वर्षाली म्हणाली, "काकाजी, माऊस जरा वर घ्या." वासुदेवरावांनी माऊस टेबलावरून उचलून छातीशी धरला. "अजून वर," वर्षाली स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. तिला पडद्यावरचा बाण वरच्या कोपऱ्यात हवा होता. वासुदेवराव उठून उभे राहिले. "थोडा अजून, काकाजी." वासुदेवराव आज्ञाधारक माणूस. ते खुर्चीवर चढले, माऊस डोक्याच्या वर धरला, वायर ताठ झाली, आणि तसेच उभे राहून म्हणाले, "पोरी, याच्याहून वर म्हनशीन तं कौलं काढा लागन."

ज्या खुर्चीवर ते उभे होते तिच्यावर त्यांची वीस वर्षं गेली होती. धामकाठ गवळाऊ गोपालक संघात ते नोंदणीचं काम पाहत. गवळाऊ ही इकडची गाय: पांढरीशुभ्र, लांबट तोंडाची, चालते कमी आणि धावते जास्त. या गाईची जात चोख राहावी म्हणून संघ प्रत्येकीची नोंद ठेवी. नाव, बिल्ला नंबर, आई कोण, बाप कोण, आजोबा कोण, कितवं वेत, दूध किती. जिल्ह्यात माणसांच्या सोयरिकी याच्या निम्म्या चौकशीवर उरकतात. कोणत्या गाईला कोणता वळू दाखवायचा आणि कोणता तिचा चुलत भाऊ लागतो, हे संघाच्या कॉम्प्युटरला ठाऊक होतं, आणि कॉम्प्युटरला काय ठाऊक आहे हे फक्त वासुदेवरावांना.

तो कॉम्प्युटर अठ्ठ्याण्णव सालचा. काळा पडदा, हिरवी अक्षरं. मराठी उमटावी म्हणून पोटात एक वेगळं कार्ड बसवलेलं. त्यात खिडक्या नव्हत्या, चित्रं नव्हती, माऊस तर नव्हताच. आकडे दाबायचे, बस. तीन म्हणजे शोध, त्यातला एक म्हणजे बिल्ला नंबरावरून, सात म्हणजे वंशावळ. वासुदेवरावांची बोटं 'तीन-एक-सात-एंटर' असं काही चालत, की बाहेर ओट्यावर बसलेल्याला वाटावं आत कुणी तबल्यावर हात साफ करून राह्यलं. पडद्याकडे ते पाहतच नसत. नजर रस्त्यावर, कोण बसमधून उतरलं, कोण कुणाशी बोलतंय. आणि गाईचं खानदान खाली आपोआप उमटत जाई.

त्या प्रोग्रॅममध्ये गाईच्या नावाला आठ अक्षरांची जागा होती, आणि काना-मात्रा, जोडाक्षराचा पाय, सगळं त्या आठातच धरत. त्यामुळे पंचक्रोशीत गाईची नावं बेतून ठेवायची रीतच पडली. कपिला बसे, मोहरी बसे, चांदणी बसे. अण्णाजींच्या घरी सुंदर कालवड झाली तेव्हा त्यांनी तिचं नाव त्रैलोक्यसुंदरी ठेवलं. वासुदेवरावांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि मान हलवली. "एवढी लंबी गाय नाई बसत जी मशिनीत." तिची त्रैलोक झाली, आणि अण्णाजींच्या मनात ती गोष्ट सलत राहिली.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. कीबोर्डाच्या वरच्या रांगेत एक बटण होतं, एफ-नऊ. ते दाबलं की 'शेरा' नावाचा एक लपलेला रकाना उघडे. तो छापला जात नसे, कुणाला दिसत नसे, आणि ज्याने प्रोग्रॅम लिहिला तो तेव्हाच पुण्याला निघून गेल्यामुळे तो रकाना आहे हे वासुदेवरावांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. वासुदेवरावांचा एक नेम होता: रकान्यात मालकाचं लिहायचं, शेऱ्यात गाईचं. मालक म्हणाला दूध सात लिटर, तर रकान्यात सात. शेऱ्यात: "चार धरावं." मालक म्हणाला गाय गरीब, तर रकान्यात गरीब. शेऱ्यात: "डावीकडून जाऊ नये. डॉक्टर गेले होते, तीन दिवस लंगडले." एका ठिकाणी नुसतंच: "गाय गरीब. मालकीण मारकी."

असे साडेचार हजार गाईंचे शेरे. कुणाचं वाईट चिंतून नव्हे. उद्या डॉक्टर त्या गाईकडे निघाले तर वासुदेवराव बसल्याजागी तबला वाजवून सांगत, "उजवीकडून जाजो, साहेब." लोकांना वाटे, केवढी स्मरणशक्ती.

मग संघाचे सचिव धनंजयराव देवतळे नागपूरच्या एका संमेलनाला जाऊन आले. माणूस संमेलनाला जाऊन आला की त्याच्यापासून महिनाभर जपून राहावं. पण सचिवापासून जपायचं कसं? त्यांनी तिथे मोठ्या पडद्यावर गाईंचे रंगीत फोटो पाहिले, खिडकीवर खिडकी उघडताना पाहिली, आणि परत आल्यावर संघाच्या काळ्या पडद्याकडे असं पाहिलं जसं नवरदेव शहरातून परतल्यावर घरच्या मोरीकडे पाहतो. वर्ध्याच्या एका कंपनीला काम दिलं गेलं. नवा कॉम्प्युटर आला. जुना टेबलाखाली गेला.

धनंजयराव वाईट नव्हते. त्यांनी वासुदेवरावांना समोर बसवून, चहा पाजून सांगितलं, "हे पाहा वासुदेवराव, तुम्ही साठ ओलांडली. दरसाल आपण मुदत वाढवत आलो. आता तीन आठवड्यांनी गोप्रदर्शन आहे. त्या दिवशी तुम्ही साऱ्या मालकांसमोर नवी नोंदणी मोठ्या पडद्यावर चालवून दाखवायची. जमलं तर दोन वर्षं एकदम. नाई जमलं तं..." त्यांनी बशीतला उरलेला चहा प्यायला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

वासुदेवरावांना दोन वर्षांच्या मानधनाची ओढ नव्हती. शेती धाकटा भाऊ पाही, ती बरी पिके. ओढ होती त्या खुर्चीची. जिल्ह्यातला कोणीही माणूस त्या खुर्चीसमोर येऊन "वासुदेवराव, आमच्या गाईचं पाहा न" म्हणे. घरी त्यांना असं काही कुणी म्हणत नसे. घरी खुर्ची एकच, आणि ती बायकोची, आनंदाबाईंची. वासुदेवराव पाटावर बसत.

शिकवणीला सुरुवात झाली. कंपनीने पाठवलेली वर्षाली पस्तिशीची, दोन लेकरांची आई, वर्ध्यात पंधरा वर्षं लोकांना कॉम्प्युटर शिकवत आलेली. तिने ग्रामसेवक शिकवले, मुख्याध्यापक शिकवले, एक निवृत्त फौजदारही शिकवला. वासुदेवरावांना शिकवताना तिला फौजदाराची आठवण येऊ लागली.

"दोनदा दाबायचं, काकाजी. पटकन."

वासुदेवरावांनी एकदा दाबलं, आदराने थोडं थांबले, आणि मग दुसऱ्यांदा दाबलं.

"पटकन, पटकन!"

"पटकन दाबलं तं गाय लाथ मारते."

"ही गाय नाहीये."

"फोटो तं गाईचाच हाय न?"

खिडक्यांचं प्रकरण याहून बिकट. एक खिडकी उघडली की तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. नऊ खिडक्या साचल्या आणि सगळ्यात खाली त्यांच्या घरची कपिला. वर्षालीने वरच्या खिडकीच्या कोपऱ्यातली बारीक रेघ दाबली, तशी ती नाहीशी झाली.

"गेली कुठं?" वासुदेवराव दचकले.

"गेली नाही, खाली बसली. ती पाहा, खालच्या पट्टीत."

हे मात्र त्यांना पटलं. "असं सांग न मंग. बसली." त्या दिवसापासून त्यांनी खाली बसलेली एकही खिडकी उठवली नाही. वर्षालीने कारण विचारलं तर म्हणाले, "बसलेल्या जनावराले उगाच उठवू नये. रवंथ करत असन."

पहिल्या आठवड्यात त्यांनी चाळीस नव्या गाई नोंदवल्या. शनिवारी वर्षालीने उघडून पाहिलं तर चाळिसातली एकही नव्हती. तिने सगळं पुन्हा करायला लावलं आणि मागे उभी राहून पाहिलं. वासुदेवरावांनी नाव घातलं, नंबर घातला, आई घातली, बाप घातला, बरोबर सगळं. शेवटी पडद्याच्या मधोमध एक चौकट आली: 'तुम्हाला खात्री आहे का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'. वासुदेवरावांनी चष्मा काढला, पुसला, गाईच्या बापाच्या नावाकडे एकदा पाहिलं, मालकाचा चेहरा आठवला, आणि 'नाही' दाबलं.

"काकाजी! काऊन?"

"अवं, खात्री कशी राहीन? गाईच्या बापाची खात्री ब्रह्मदेवाले नसते, मले कुठून यायची? जुन्या मशिनीनं वीस वर्षांत मले एक डाव असं इचारलं नाई. मालकाचं लिहा म्हने, झालं. ही तं कोर्टासारखी उभी करते."

वर्षाली टेबलावर डोकं टेकून दोन मिनिटं हसली. मग तिने समजावलं की ही चौकट बापाबद्दल विचारत नाही, फक्त साठवू का म्हणून विचारते. वासुदेवरावांना ते पटलं नाही, पण त्यांनी 'हो' दाबायला सुरुवात केली. दाबताना दर वेळी डोळे मिटत.

दुसऱ्या आठवड्यात वर्षालीला एक गोष्ट सुचली. या माणसाचा जीव बोटांत आहे, मनगटात नाही. तिने माऊस बाजूला सारला आणि दाखवलं की नव्या खिडकीतही कीबोर्डवरून फिरता येतं. टॅब दाबलं की पुढच्या रकान्यात, एंटर दाबलं की आत. वासुदेवरावांनी पाच मिनिटं मोजलं, ओठ हलवले, आणि मग अचानक तबला सुरू झाला: टॅब-टॅब-टॅब-एंटर, टॅब-एंटर. पडद्यावर कपिलेची वंशावळ उघडली तेव्हा ते रस्त्याकडे पाहत होते.

"जमलं, काकाजी!" वर्षालीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आनंदाच्या भरात ती म्हणाली, "आणि तुमचं जुनं काही म्हणजे काही वाया जाऊ दिलं नाही मी. शेरेसुद्धा आणले सगळे."

तबला थांबला. "कोनते शेरे?"

"ते लपलेले. हे बघा." तिने माऊस घेतला आणि बाण एका गाईच्या फोटोवर नेऊन थांबवला. दोन सेकंदांत फोटोच्या बाजूला पिवळीधमक चिठ्ठी उघडली: 'गाय गरीब. मालकीण मारकी.'

वासुदेवरावांनी चिठ्ठी झाकायला पडद्यावर तळहात ठेवला. "हे... सगळ्याइले दिसन?"

"बाण फोटोवर थांबला की दिसेल. मी सगळे वाचले, काकाजी. दोन दिवस घरी स्वयंपाक धड झाला नाही."

"काढून टाक, माय. पाया पडतो."

पण काढणं तिच्या हातात नव्हतं. कंपनीने विचारलं तेव्हा धनंजयरावांनी शेरे म्हणजे लसीकरणाच्या नोंदी असतील असं समजून 'शेरे दिसलेच पाहिजेत' असं कागदावर सही करून दिलं होतं. बदलायचं तर सचिवांचं पत्र हवं. सचिव विचारणार, काऊन बदलायचं? आणि वाचायला बसणार. धनंजयरावांच्या स्वतःच्या अकरा गाई होत्या. त्यांचे अकरा शेरे वासुदेवरावांना तोंडपाठ होते आणि त्यातला एकही लसीकरणाचा नव्हता.

त्या संध्याकाळी पाटावर बसून त्यांनी आनंदाबाईंना सगळं सांगितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला ऑफिसातली पहिली खरी गोष्ट सांगितली, ती ही. आनंदाबाई खुर्चीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"तो बाण हलला नाई तं चिठ्ठी उघडन का?"

"नाई."

"मंग हलू देऊ नोका. कोपऱ्यात नेऊन उभा करा अन वायर काढून ठेवा. झालं बांधणं."

"अवं पण लोकाइले दिसन न, हा माऊस चालवतच नाई म्हून. धनंजयरावाले तं माऊसच पाह्यचा हाय."

आनंदाबाईंनी शेंग फोडली. "हात ठेवा न त्याच्यावर. फिरवत राहा. पोथी वाचता येत नाई त्यानंबी पोथीवर हात ठेवला का लोक पाया पडतात."

वासुदेवरावांनी आठ दिवस रोज घरी साबणाच्या वडीवर हात ठेवून सराव केला. डाव्या हाताने पाटावर टॅब-टॅब-एंटर, उजव्या हाताने साबण फिरवायचा. आठव्या दिवशी उजवा हात असा काही लयीत फिरू लागला, की आनंदाबाई म्हणाल्या, "थोडं कमी. लोक म्हनतीन, याले वारं आलं."

गोप्रदर्शन रविवारी शाळेच्या मैदानात भरलं. बाहेर दीडशे गाई शिंगांना रंग लावून, झुली घालून उभ्या. आत हॉलमध्ये अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना ताडपत्र्या लावलेल्या, समोर पांढरं कापड ताणलेलं. दोनशे मालक सतरंज्यांवर बसले. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत आनंदाबाई. टेबलाला लागून खुर्चीवर धनंजयराव. वर्षाली मागे भिंतीशी, दोन्ही हातांनी पदर धरून.

वासुदेवरावांनी सकाळीच बाण वरच्या कोपऱ्यात नेला होता आणि माऊसची वायर मागून उपसून टेबलाच्या कडेवर सोडली होती. त्यांनी उजवा हात माऊसवर ठेवला, डावा कीबोर्डवर, आणि सुरुवात केली.

सुरेख चाललं. पडद्यावर गाईमागून गाय येऊ लागली, फोटोसकट, आजोबा-पणजोबांसकट. उजवा हात माऊसवर असा फिरत होता जसा लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याचा हात तुपाच्या भांड्यावर. "पाह्यलं का बे, कसा फिरवते!" सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं. धनंजयराव मान डोलावत होते. चौदा गाई झाल्या. वासुदेवरावांना वाटलं, झालं, दोन वर्षं आपली.

"अन आमची कधी दाखवशीन गा, वासुदेवा?" अण्णाजी मधून उठले. "अन आता पुरं नाव दाखव. नवी मशिन हाय न?"

टॅब-टॅब-एंटर. पडद्यावर अण्णाजींची गाय आली. चालू वर्षी पहिलं बक्षीस तिचंच, यात कुणाला शंका नव्हती. आठ वर्षं अर्ध्या नावाने काढल्यावर ती आज पूर्ण नावाने उभी होती: त्रैलोक्यसुंदरी. बाप: सम्राट. सम्राट हा संघाचा सगळ्यात नावाजलेला वळू. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. अण्णाजी चौफेर नमस्कार करत होते.

तेवढ्यात धनंजयरावांचं लक्ष टेबलाच्या कडेला गेलं.

"वासुदेवराव, वायर निघाली जी तुमची."

"राहू द्या, साहेब. चालते."

"राहू द्या कशी? मी लावतो न." आणि संमेलनाला जाऊन आलेल्या माणसाच्या उत्साहाने धनंजयराव खाली वाकले, वायर उचलली आणि बरोबर जागी खुपसली.

वासुदेवरावांचा हात लयीतच होता. कोपऱ्यात सकाळपासून उभा केलेला बाण सुटल्या वासरासारखा पडद्यावरून धावला. वासुदेवरावांनी भाजल्यासारखा हात उचलला. बाण थांबला. त्रैलोक्यसुंदरीच्या बरोब्बर कपाळावर.

एक सेकंद. दोन सेकंद. पिवळी चिठ्ठी उघडली, आणि पांढऱ्या कापडावर ती दरवाज्याएवढी मोठी दिसली.

"काय लिवलं जी?" चष्मा घरी विसरलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं. मग बायकांच्या बाजूने स्वच्छ, खणखणीत आवाज आला. आनंदाबाईंना कुणी काही विचारलं आणि त्यांनी सांगितलं नाही, असं कधी झालेलं नाही.

"'बाप सम्राट, असं अण्णाजी म्हणतात,'" आनंदाबाई वाचू लागल्या. "'खरा बाप धनंजयरावांचा बांड्या. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सारं गाव लाकडी बैल पाहायला गेलं असताना खरा बैल कुंपणावरून आला. मी बसची वाट पाहत उभा होतो. मी पाहिलं. गाय मात्र अशी जिल्ह्यात दुसरी नाही.'"

सतरंज्यांवरच्या दोनशे माना अण्णाजींकडे वळल्या.

बांड्या हे नाव संघात घेण्यासारखं नव्हतं. धनंजयरावांचा तो लाडका वळू, पण पाठीवर हाताएवढा काळा डाग. पाच वर्षांपूर्वी त्यांनी त्याची नोंदणी मागितली तेव्हा समितीत याच अण्णाजींनी उठून म्हटलं होतं, "आज ठिपक्याचा बैल घ्याल, उद्या वाघ घेऊन येतीन लोक." बांड्या नापास झाला. धनंजयराव त्यानंतर वर्षभर अण्णाजींच्या घरी चहा प्यायले नव्हते.

"वासुदेवा!" अण्णाजींचा आवाज चिरकला. "शपथ घेऊन सांग, हे खरं हाय?"

वासुदेवराव उभे राहिले. आता खुर्ची गेलीच आहे म्हटल्यावर माणसाला एक प्रकारचं धैर्य येतं. "अण्णाजी, मी शपथ घेत नाई जी. मी शेरा लिहितो."

सगळ्यांच्या नजरा धनंजयरावांकडे वळल्या. ते पडद्याकडे पाहत होते. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, मग मिशी हलली.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "जिल्ह्यातली पहिल्या नंबरची गाय... आमच्या बांड्याची पोर?"

"व्याही झाले, बाप्पा!" मागून कुणीतरी ओरडलं. "अण्णाजी, व्याह्याले भेटा!"

आणि हॉल फुटला. कुणी बाहेर जाऊन शिंगांच्या रंगाचा डबा आणला, कुणी धनंजयरावांच्या कपाळाला बोट लावलं, कुणी अण्णाजींच्या. दोघांना धरून एकमेकांच्या गळ्यात घातलं गेलं. अण्णाजी तक्रार करत होते, पण गळ्यात पडल्या पडल्याच करत होते. मांडवात व्याही करतात तशी.

पण लोकांचं समाधान तेवढ्यावर होईना. "वासुदेवराव, शेजारच्या गोठ्यातली दाखवा न!" "आमच्या साळ्याची दाखवा!" स्वतःच्या गाईचा शेरा कुणालाच नको होता, शेजाऱ्याचा सगळ्यांना हवा होता. वासुदेवरावांनी माऊसवर हात ठेवला. या खेपेला खरोखरचा. तीन आठवडे वर्षालीला जे जमलं नव्हतं ते लोकांच्या आग्रहाने अर्ध्या तासात झालं. ते बाण नेऊ लागले, थांबवू लागले, दोनदा पटकन दाबू लागले, बसलेल्या खिडक्या उठवू लागले. सात लिटरचे चार झाले, गरीब गाई मारक्या झाल्या, आणि प्रत्येक चिठ्ठी आनंदाबाई वाचून दाखवत होत्या. बाहेर दीडशे गाई नटून उभ्या होत्या, त्यांच्याकडे तासभर कुणी फिरकलं नाही.

"अन तुह्या घरच्या गाईचं काय गा?" अण्णाजींनी डाव साधला.

वासुदेवरावांनी इकडे-तिकडे पाहिलं. सुटका नव्हती. कपिला आली, बाण थांबला, चिठ्ठी उघडली. या वेळी आनंदाबाईंनी आधी मनातल्या मनात वाचलं आणि मग मोठ्याने: "'मालकाला ओळखत नाही. आनंदाबाईला ओळखते. दोघीही माझं ऐकत नाहीत.'"

लोकांनी सतरंज्या बडवल्या. आनंदाबाई खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. त्या हसत होत्या की घरी गेल्यावर काय करायचं ते ठरवत होत्या, हे वासुदेवरावांना अंधारात कळलं नाही.

शेवटी धनंजयरावांनी हात वर केला. समिती तिथेच बसली, पाचही जण सतरंजीवरच होते. बांड्याला नोंदणीत घ्यायचं ठरलं, आणि हात वर करणाऱ्यांत अण्णाजी पहिले होते. नाहीतर त्यांची त्रैलोक्यसुंदरी बिनबापाची ठरली असती. वासुदेवरावांनी साऱ्यांसमोर बापाच्या रकान्यातला सम्राट खोडला आणि बांड्या लिहिलं. पडद्याच्या मधोमध चौकट आली: 'तुम्हाला खात्री आहे का?'

वासुदेवरावांचा हात सवयीने 'नाही'कडे सरकला.

"हाव!" दोनशे माणसं एकदम ओरडली.

वासुदेवरावांनी 'हो' दाबलं. पहिल्यांदाच, डोळे उघडे ठेवून.

दोन वर्षांची मुदतवाढ त्याच दुपारी मिळाली. अकरा महिन्यांनी संघाने गाईंची नोंदणी मोबाइलवर नेली. आता ज्याची गाय तोच घरी बसून नोंद करतो. त्यात शेऱ्याचा रकाना नाही. वासुदेवरावांच्या खुर्चीवर सरकीच्या ढेपेचं पोतं ठेवतात.